सुतावरून स्वर्ग

'सुतावरून स्वर्ग गाठणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. जरासा धागा हाती लागताच त्यावरून भलताच मोठा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला आपण तो ऐकवतो. पण खरोखरच सुताला धरून आकाशात चढणारा एक गृहस्थ आपल्या तत्त्वज्ञानात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो भेटतो शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात. ढाल-तलवार घेतलेला हा मायावी, म्हणजे जादूगार, सुतावरून वर चढताना प्रेक्षकांना दिसतो. आचार्य म्हणतात, चढताना दिसतो तो खरा नव्हे. खरा जादूगार निराळा, आणि तो जमिनीवरच उभा आहे. गौडपादांच्या कारिकांवरील भाष्यात तर हा खेळ अधिक रंगला आहे. जादूगार आकाशात सूत फेकतो, शस्त्रांसह चढून दिसेनासा होतो, वर लढाई होते, त्याचे तुकडे तुकडे होऊन खाली पडतात आणि तो पुन्हा उठून उभा राहतो. मजा अशी की हे सारे चालू असताना जमिनीवरचा खरा जादूगार मात्र कुणालाच दिसत नसतो.

या जादूगाराला सोबत घेऊन मला दोन प्रश्नांकडे पाहायचे आहे. चमत्कार आणि जादू यांत फरक असतो का? आणि एखादी गोष्ट 'आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? पहिला प्रश्न आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दर वर्षी येतो. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवल्याची गोष्ट निघाली की एखादे तरी मूल हात वर करून विचारते, "पण ते रिअल होतं की मॅजिक?" इकडे वाढलेल्या मुलांच्या डोक्यात हे दोनच कप्पे असतात. मराठीत मात्र कप्पे पुष्कळ आहेत. हातचलाखी वेगळी, नजरबंदी वेगळी, गारूड वेगळे, इंद्रजाल वेगळे. सिद्धी, चेटूक, करणी ही आणखी निराळी. 'जादू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याने यातले बरेच काही पोटात घेतले. 'चमत्कार' या शब्दाची गोष्ट अधिक गमतीची आहे. संस्कृत काव्यशास्त्रात चमत्कार म्हणजे उत्तम काव्य वाचताना रसिकाच्या मनात उमटणारा अलौकिक आनंद. जगन्नाथ पंडितांनी काव्याच्या रमणीयतेची व्याख्या करताना तो याच अर्थाने वापरला आहे. इंग्रजीतल्या 'मिरॅकल'च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही 'थक्क होणे' एवढेच सांगतो. म्हणजे दोन्हीकडे हा शब्द मुळात पाहणाऱ्याविषयी बोलत होता, घडलेल्या घटनेविषयी नव्हे. 'चमत्कार झाला' याचा जुना अर्थ 'मी थक्क झालो' असा आहे. त्यापुढचे सगळे आपण जोडले.

जोडण्याची ही हौस किती दांडगी असते, हे आपल्या सूत-जादूगाराच्या पुढच्या प्रवासात दिसते. चौदाव्या शतकात इब्न बतूता चीनमधील हांगचौ शहरात पोहोचला, तेव्हा तिथल्या मेजवानीत त्याने असाच खेळ पाहिल्याचे लिहिले आहे. लांब वादी बांधलेला लाकडी गोळा वर फेकला गेला, तिला धरून एक पोरगा चढला, पाठोपाठ सुरी घेऊन जादूगार चढला, पोराचे अवयव एकामागून एक खाली पडले आणि शेवटी पोरगा जिवंत उभा राहिला. ते पाहून इब्न बतूताच्या छातीत धडधड सुरू झाली आणि ती औषध दिल्यावर थांबली. शेजारी बसलेल्या काझीने त्याला सांगितले की कुणी चढले नाही, उतरले नाही आणि काही कापलेही गेले नाही. सगळी हातचलाखी आहे. शंकराचार्यांचेच उत्तर, फक्त ब्रह्म वगळून.

पुढे इंग्रजी अमदानीत हाच खेळ 'इंडियन रोप ट्रिक' म्हणून जगभर गाजला. त्याला कारण ठरले आपल्या या अमेरिकेतले एक वर्तमानपत्र. ८ ऑगस्ट १८९० रोजी 'शिकागो ट्रिब्यून'ने बातमी छापली की दोन अमेरिकन तरुणांनी हिंदुस्थानात हा खेळ पाहिला. एकाने चित्र काढले आणि दुसऱ्याने फोटो घेतला. चित्रात दोरी आणि पोरगा होते, फोटोत नुसता फकीर. सबब, सामुदायिक संमोहन! चार महिन्यांनी पत्राने कबूल केले की मजकूर बनावट होता आणि गंमत म्हणून लिहिला होता. बातमी लिहिणारे जॉन विल्की पुढे १८९८ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचे प्रमुख झाले, हा भाग वेगळा. खुलासा कुणाच्या लक्षात राहिला नाही, बातमी मात्र राहिली. त्यानंतर कित्येक साहेबांना आपण हा खेळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे 'आठवू' लागले. पीटर लॅमाँट यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात ही सगळी हकीकत उलगडली आहे.

आता कुणी म्हणेल, जादूगार लबाड आणि संत सच्चा, एवढाच तर फरक! मला नेमके उलट वाटते. जादूगाराइतका प्रामाणिक माणूस विरळा. तो तिकीट लावतो, 'मी तुम्हाला फसवणार' असे जवळजवळ सांगूनच फसवतो आणि पडदा पडला की आपल्याला घरी जाऊ देतो. तरीही लोक त्याचे ऐकत नाहीत. ९ एप्रिल १९५६ रोजी पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर एका मुलीला करवतीने कापण्याचा खेळ केला. वेळ संपल्यामुळे कार्यक्रम मध्येच आटोपला आणि मुलगी मेली असे समजून प्रेक्षकांनी फोनचा भडिमार केला. हूडिनीची कथा तर याहून विलक्षण. तो आयुष्यभर सांगत राहिला की माझ्याकडे कसलीही दैवी शक्ती नाही. मृतात्म्यांशी बोलणाऱ्या मध्यस्थांची बिंगे त्याने जाहीरपणे फोडली. पण त्याचे एके काळचे मित्र आर्थर कॉनन डॉइल, शिक्षणाने डॉक्टर आणि शेरलॉक होम्सचे जनक, यांनी मात्र हूडिनीकडेच अतींद्रिय शक्ती असल्याचा हट्ट सोडला नाही. 'नाही' म्हणणाऱ्यावर चमत्कार लादता येतो, हे यावरून कळते.

फसवणारा कुणीच नसतो असेही होते. २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार, पितृपक्ष. मी तेव्हा साताऱ्यात शाळेत होतो. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीहून निघाली आणि दुपारपर्यंत आमच्या पेठेतल्या देवळापुढे रांग वळून गल्लीत शिरली होती. लंडनमधल्या साउथॉलपासून इथल्या देवळांपर्यंत त्याच दिवशी दूध पोहोचले, हे मागाहून कळले. कुणी बाबा नव्हता, कुणाचा गल्ला नव्हता. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली उतरते. ओल्या पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळताच दिसला. लक्षात घ्या, चमच्यातले दूध खरोखरच जात होते. ज्यांनी ते पाहिले त्यांनी खोटे पाहिले नव्हते. धागा खरा होता. 'देव प्यायला' हा स्वर्ग वरून जोडलेला होता.

इथवर सारे गमतीचे आहे. गंमत संपते ती अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नीला लिम्फोमाचे निदान झाले. डॉक्टरांनी केमोथेरपीचे सहा फेरे ठरवले. त्याच सुमारास भारतातून आलेले एक महाराज जवळच्या गावात कुणाकडे उतरले होते. त्यांनी रिकाम्या मुठीतून अंगारा काढून दिला आणि सांगितले, औषध दीड महिना पुढे ढकला, तोवर हा लावा. स्नेही रात्री साडेदहाला आमच्याकडे आले. "तू डॉक्टरेट केलेला माणूस. तुला काय वाटतं?" माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगची, कॅन्सरमधले मला काय कळणार, असे म्हणून सुटता आले असते. पण अंगाऱ्यातले मला थोडे कळत होते. केरळचे बी. प्रेमानंद गावोगाव करून दाखवत तो प्रयोग मी कॉलेजात असताना शिकलो होतो. राख भाताच्या पेजेत मळून तिची गोळी वाळवायची, अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि हात फिरवता फिरवता बोटांनी चुरायची. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते करून दाखवले.

त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "अरे, तुला हातचलाखीनं जमतं म्हणून त्यांचीही हातचलाखीच, असं कसं? विमान इंजिनावर उडतं म्हणून पक्षीही इंजिनावर उडतो का?"

तर्क बिनतोड होता, आणि आम्हा बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांची अडचण नेहमी इथेच होते. एखादी गोष्ट युक्तीने करता येते, यावरून ती प्रत्येक वेळी युक्तीनेच केली जाते असे सिद्ध होत नाही. फार तर संभव वाढतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये याचे जे उत्तर दिले ते तराजूचे आहे. निसर्गनियम मोडला हे अधिक असंभाव्य, की सांगणारा फसला किंवा फसवतो आहे हे? ज्याचे पारडे हलके ते सोडा. श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपये देऊ केले होते. इथे जेम्स रँडी यांच्या संस्थेचे दहा लाख डॉलर २०१५ पर्यंत वाट पाहत होते. दोन्ही रकमा तशाच राहिल्या. तराजू कुठे झुकतो हे उघड आहे. पण ज्याची बायको आजारी आहे, त्याला तराजू दाखवून उपयोग नसतो. त्याला उरलेला तो कणभर संभवच हवा असतो.

म्हणून मी म्हटले, "बरं, मान्य. राख हवेतून आली. पुढे?"

ते गप्प राहिले. मी म्हटले, "हवेतून राख आली, यावरून एवढंच ठरतं की या माणसाला हवेतून राख आणता येते. वहिनींच्या गाठींविषयी, दीड महिन्याविषयी त्यांना काही कळतं, हे त्या राखेत कुठं लिहिलंय? उद्या तुझ्या ऑन्कॉलॉजिस्टनं मुठीतून राख काढून दाखवली, तर तू त्याच्यावर जास्त विश्वास ठेवशील का?" यावर ते पहिल्यांदा हसले. केमो ठरल्या तारखेला सुरू झाली. अंगाराही लावला गेला. मी हरकत घेतली नाही. राखेने काही बिघडत नव्हते, बिघडणार होते ते दीड महिन्याने.

माझ्या मते जादू आणि चमत्कार यांतला फरक इथे आहे, घटनेत नाही. जादूगाराचा खेळ सुतावर सुरू होतो आणि सुतावरच संपतो. चमत्काराचा दावा करणारा सूत दाखवतो आणि स्वर्गाचे भाडे मागतो. ते भाडे कधी पैसा असते, कधी आज्ञापालन, कधी दीड महिना. सूत खरेच अधांतरी उभे राहिले असे क्षणभर मानले, तरीही त्यावरून स्वर्गाला पोहोचता येत नाही.

आता दुसरा प्रश्न: 'आहे' म्हणजे काय? बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीने सातव्या शतकात दिलेली कसोटी आम्हा इंजिनिअर मंडळींना लगेच पटते. जे कार्य करते ते सत्. त्याचा शब्द आहे अर्थक्रिया. मृगजळाने तहान भागत नाही, म्हणून ते पाणी नाही. पण माझ्या धंद्यात ही कसोटी लावू लागलो की गंमत होते. संगणकाच्या पडद्यावरचे फोल्डर 'आहे' का? पडदा फोडला तर आत फोल्डर सापडणार नाही. पण ते पुसून टाका, वर्षभराचे काम जाईल. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटते की सगळी मेमरी सलग आणि आपल्या एकट्याचीच आहे. वास्तविक ऑपरेटिंग सिस्टिम तिचे तुकडे कुठून कुठून गोळा करून देत असते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती मेमरी शंभर टक्के खरी. खेळातल्या विहिरीचे पाणी खेळातल्या शिपायाची तहान भागवते, तुमची-माझी नाही. आमच्याकडे 'आहे' हा शब्द कधी एकटा येत नाही. कुठल्या पातळीवर आहे, हे आधी सांगावे लागते.

अद्वैत परंपरेने नेमके हेच सांगितले आहे. दोरीवर भासलेला साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. आणि सशाचे शिंग यांपैकी कुठेच नाही. यातली सगळ्यांत वरची पायरी मानायची की नाही, हे ज्याने त्याने पाहावे. मी स्वतः व्यावहारिकापाशी थांबतो. पण ही मांडणी व्यवहारात फार उपयोगी पडते. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे वर्षानुवर्षे 'स्टेटस' नावाच्या वस्तूची काळजी केली आहे. व्हिसाचे स्टेटस हाताला लागत नाही, त्याला वजन नाही, ते कुठल्याशा दप्तरातली एक नोंद असते. पण आईच्या आजारपणात भारतात जाता येणार की नाही, हे ती नोंद ठरवते. ते नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

मात्र धर्मकीर्तीच्या कसोटीला एक भोक आहे आणि ते शंकराचार्यांनीच दाखवले आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात ते म्हणतात, साप चावलाच नाही, नुसती विषाची शंका आली, तरी माणूस मरताना दिसतो. कारण खोटे, कार्य मात्र खरे. इब्न बतूताच्या छातीतली धडधड याच जातीची. मग अंगाऱ्याने कुणाला बरे वाटले, तर अंगाऱ्यात शक्ती आहे असे का म्हणू नये? कारण तिथे कार्य करते आहे ती माणसाची समजूत. ती समजूत निःसंशय अस्तित्वात आहे. राखेची शक्ती आहे की नाही, हे तपासायचे तर समजूत बाजूला काढून राखच ठेवून पाहावी लागते. आधुनिक औषधांच्या चाचण्या एवढेच करतात.

प्रार्थनेचीही अशी चाचणी झाली आहे. हार्व्हर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या ५१ टक्क्यांना नंतर गुंतागुंत झाली, म्हणजे फरक नाही. आणि प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्क्यांना! आपल्यासाठी प्रार्थना करण्याची वेळ आली म्हणजे प्रकरण गंभीर दिसते, असे त्यांना वाटले असावे, असा एक तर्क आहे. शंकाविषाचा मला हा फार चांगला नमुना वाटतो. प्रार्थना करू नये असे यातून निघत नाही; माझी आई रोज करते, आणि तिने कधीही त्याची आकडेवारी मागितलेली नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत जे केले त्याचा मला अभिमान आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे केले आणि एका कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. इथल्या गप्पांत 'तो देवाधर्माविरुद्धचा कायदा' असे अजून ऐकू येते. वास्तविक चमत्कार असतात की नसतात, यावर तो कायदा काही बोलत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे, लोकांना फसवणे, दहशत बसवणे हा त्याने गुन्हा ठरवला. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा करणे हाही. म्हणजे सुताविषयी काही म्हणणे नाही, भाड्याविषयी आहे.

आणि ही दृष्टी परंपरेला परकी नाही. पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटले आहे. नवसाने मुले होतात या समजुतीची तुकोबांनी उडवलेली टर तर सर्वांना माहीत आहे. ज्ञानेश्वरांच्या भिंतीची गोष्टही या नजरेने पुन्हा पाहावी. सिद्धींचा भार घेऊन, हाती सापाचा चाबूक धरून, वाघावर बसून येतात ते चांगदेव. भावंडे बसली आहेत पडक्या भिंतीवर. भिंत चालते ती कुणाकडून काही उकळण्यासाठी नव्हे. त्यानंतर चांगदेवांना मिळतात त्या चांगदेव पासष्टीच्या ६५ ओव्या, आणि त्यांत भिंतीचा उल्लेखही नाही.

शाळेत मी मुलांना सांगतो की भिंत चालली ती गोष्टीत चालली. आळंदीला आजही एक भिंत दाखवतात, ती उभीच आहे. मोठ्या मुलांना पातळ्यांचा मुद्दा व्हिडिओ गेमच्या उदाहरणाने लगेच समजतो, आपल्यापेक्षाही लवकर. गेल्या खेपेला धाकट्या वर्गातल्या एका मुलीने मात्र या सगळ्याकडे दुर्लक्ष करून विचारले, "मग ते वाघावरून खाली उतरले का?"

हो, उतरले, असे मी सांगितले.